वर्गात गणिताचं कोडं घालायचं तर असं घाला

आधी फोनवर फिरणारी केळी-सफरचंदांची चित्रं बाजूला ठेवा, ती '99 टक्के लोक चुकतात' वाली. 8÷2(2+2) सुद्धा नको. उत्तर 16 की 1 हा वाद गणिताचा नाहीच, लिहिणाऱ्याने एक कंस कमी टाकला एवढाच आहे. त्यावर तासभर भांडून कोणाला काही नवं कळलेलं मी पाहिलेलं नाही.

कोडं असं हवं की पहिलं उत्तर झटकन सुचावं, खात्रीने सुचावं आणि चुकीचं निघावं. आठवी-नववीच्या वर्गाला मी हे घालते:

गाव 60 किलोमीटरवर आहे. जाताना गाडी ताशी 30 किलोमीटर वेगाने गेली. जाण्या-येण्याचा मिळून सरासरी वेग ताशी 60 पडायला हवा. तर येताना गाडी किती वेगाने हाकावी?

फळ्यावर लिहा, एकदा मोठ्याने वाचा. ग्रुपवर टाकत असाल तर मजकूर टाका, वहीचा तिरका फोटो नको.

आता अवघड भाग. दहा सेकंदांत कोणीतरी ओरडतं, "90!" 30 आणि 90 ची सरासरी 60, विषय संपला. इथे आपल्या तोंडून 'चूक' निघालं की कोडं बसलंच म्हणून समजा. मग 120, 150, 180 असे आकडे येऊ लागतात. पोरं गणित करत नसतात, तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोली लावत असतात. म्हणून चूक म्हणायचं नाही, बरोबर म्हणायचं नाही, हसायचंही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण हे अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला.

त्याऐवजी त्याचंच उत्तर खरं धरून चला. "बरं, 90 धरू. जायला वेळ किती लागला?" दोन तास. "यायला?" 60 भागिले 90, म्हणजे 40 मिनिटं. "एकूण किलोमीटर किती, वेळ किती? कर भागाकार." 120 किलोमीटर, 2 तास 40 मिनिटं, उत्तर येतं 45. आता 90 ला तुम्ही खोटं पाडलेलं नसतं, त्याच्याच भागाकाराने पाडलेलं असतं. वर्ग गप्प होतो. ही शांतता मोडू नका.

पुढे कोणी 120 घेऊन बघतं, 48 येतात. कोणी चिडून 600 घेतं, तरी 57 च्या थोडं वर. मग मागच्या बाकावरून हमखास येतं, "बाई, दोन तास तर जातानाच संपले की!" 120 किलोमीटरला ताशी 60 म्हणजे दोनच तास. येताना विमान आणलं तरी उपयोग नाही.

'अहो, वेळ काढून बघा ना' हा इशारा देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. देऊ नका. त्यात अर्धी रीतच सांगून टाकलेली असते. विचारायचंच असेल तर मुलाने दिलेल्या उत्तराबद्दल विचारा. ज्याला कोडं आधीच माहीत आहे त्याच्याकडून उत्तर चिठ्ठीवर घ्या आणि त्याला आकडे बदलून नवं कोडं करायला बसवा, नाहीतर तो फोडणारच. तास संपला आणि उत्तर निघालं नाही, तर तसंच सोडून द्या. घरी आई-बाबाही 90 च म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचीच चर्चा जास्त असते.

सरासरी वेगाचं 2अब/(अ+ब) हे सूत्र त्यानंतरच काढा. त्यात अ = 30 घालून उत्तर 60 मागितलं की शेवटी 0 = 1800 उरतं. या ओळीवर वर्ग मनापासून हसतो.

विनोदांचं काम त्यामानाने सोपं. 16/64 मध्ये वरचा-खालचा 6 खोडा, उरतं 1/4, आणि ते बरोबरही असतं! तशीच 19/95, 26/65 आणि 49/98 ही भावंडं शोधायला लावा. पाचवीच्या वर्गात मात्र हे अजिबात दाखवू नका, पोरं परीक्षेत खरंच खोडतात. 'क्ष शोधा' म्हटल्यावर आकृतीतल्या क्ष ला बाण मारून 'हा काय इथे' लिहिणारा जुनाच आहे, तरी दरवर्षी चालतो.

गटाने खेळायला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा 6174 घ्या. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. 3524 घेतलं तर 3087, 8352, 6174. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतो. फक्त 2111 घेणाऱ्यावर लक्ष ठेवा. त्याला पहिल्याच फटक्यात 999 मिळतात. ते 0999 असं लिहायला लावा, पुढच्या चार वजाबाक्यांत 6174 येईल. नाहीतर त्याचं शून्य येतं आणि तो कापरेकरांनाच खोटं ठरवून मोकळा होतो.