पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर: पहिले सहा आठवडे आणि ताटातलं तेल

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, काहींना त्याच संध्याकाळी. हातात गोळ्यांची चिठ्ठी असते आणि खाली एक ओळ लिहिलेली असते: तेलकट टाळा. त्या एका ओळीवरून घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस खंगलाय, डिंकाचे लाडू करा. दुसरा म्हणतो, आता जन्मभर बिनतेलाचं खायचं. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि टाळता येण्यासारखा बराचसा त्रास या दोहोंतूनच होतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा जेवणाला दिली आहे.

भारतात हे ऑपरेशन दुर्बिणीतून पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. त्याआधी सगळ्यांच्याच बरगडीखाली वीतभर टाका असायचा. 'दीड महिना अंथरुणातून हलायचं नाही' हे ज्येष्ठांचं सांगणं त्या काळातलं आहे. आजही काहींचं पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं. त्यांनी खालचे चालण्या-उचलण्याचे दिवस दुपटीने धरावेत. जेवणाचे नियम मात्र दोघांनाही तेच.

पहिले तीन दिवस

पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला तर घाबरू नका. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो सोडून देतात, तरी थोडा आत राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास देतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात, त्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. हा वायू आतड्यात नसून आतड्याबाहेर आहे. म्हणून ओवा, हिंग, सोडा यातल्या कशानेही तो निघत नाही. तो रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं घरातल्या घरात चाला, खांदा गरम पाण्याच्या पिशवीने शेका, ठणका वाढला तर आडवे व्हा. दोन-तीन दिवसांत थांबतं. कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल तर मात्र 'गॅस असेल' म्हणून घरी बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

दुखण्याच्या गोळ्या पहिले तीन दिवस लिहून दिलेल्या वेळेला, काहीतरी खाऊन घ्या. दुखणं असह्य होईपर्यंत थांबलं की चालणं बंद होतं, आणि चालणं बंद झालं की पोट फुगतं. त्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक असेल तर बद्धकोष्ठ होणारच हे धरून चाला आणि सौम्य रेचक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. आठवडाभर जमिनीवरचं अंथरूण नको, पलंग हवा. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा.

टाके आणि वजन

बहुतेकांना चार छोटी भोकं असतात. त्यांतलं बेंबीचं सगळ्यात कुरकुर करतं, कारण तिथे घाम साचतो आणि साडीच्या परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी तिथेच घासते. दोन आठवडे सैल गाऊन किंवा बेंबीच्या बरंच खाली बसणारं इलॅस्टिक वापरा. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण ४८ तासांनी. नंतर टाके चोळू नका, टिपून कोरडे करा. हळद, तूप, टाल्कम पावडर यातलं काहीही टाक्यावर लावायचं नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. टाके छान भरून आल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी एखाद्या भोकाच्या जागी गाठ आली, ती फुटून पाणी यायला लागलं आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने थांबेना, तर तो वेगळ्या प्रकारच्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. गोळ्यांचे कोर्स बदलत बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे परत जा आणि त्या पाण्याची तपासणी करून घ्या.

दोन आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलू नका. भरलेली बादली पंधरा किलोच्या पुढे जाते आणि भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, त्यामुळे सिलिंडरला सहा आठवडे हात लावायचा नाही, सरकवायलाही नाही. लहान मूल मांडीवर घ्या, कडेवर नको. बसून करायचं काम आठवडा-दहा दिवसांत सुरू करता येतं. गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्या आणि जोरात ब्रेक दाबताना पोट आखडलं नाही, की गाडी चालवायला हरकत नाही.

जेवण: इथेच सगळे चुकतात

घोटाळा शब्दापासून सुरू होतो. मराठीत 'पित्त झालं' म्हणजे आंबट ढेकर, जळजळ, उलटी. ती पोटातल्या आम्लाची तक्रार आहे. पित्ताशयातलं पित्त वेगळं, ते यकृतातून येतं. पित्ताशय काढल्यावर खड्यांची कळ थांबते, पण जळजळ थांबेलच असं नाही. ऑपरेशननंतर जळजळ झाली म्हणजे ऑपरेशन फसलं, असं समजू नका.

पित्ताशय पित्त तयार करत नाही. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पित्ताशय त्यातलं थोडं साठवून घट्ट करायचं आणि स्निग्ध घास लहान आतड्यात पोचला की आकसून तो साठा एकदम सोडायचं. आता साठा नाही, पित्त दिवसभर थोडं थोडं झिरपत राहतं. म्हणजे थोडं तेल पचवायला पित्त पुरतं, एकदम आलेल्या भरपूर तेलाला पुरत नाही. न पचलेली चरबी पुढे सरकते. पित्तातली जादा आम्लंही मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि जुलाब होतात. एवढं समजलं की नियम एकच उरतो: तेल बंद करायचं नाही, वाटून खायचं.

तेल पूर्ण बंद करणारे वजन आणि ताकद दोन्ही घालवतात. जेवण घशाखाली उतरत नाही, म्हणून ते बिस्किटांवर राहतात, आणि बिस्किटांतही तूप-तेल असतंच. तीन महिने कोरडं खाऊन एखाद्या लग्नात भरपेट जेवले की पोट बिघडतं, आणि मग 'बघा, तेल सोसतच नाही' असा निष्कर्ष निघतो. आतड्याला सवय हळूहळू वाढवत न्यावी लागते.

माप चमच्याने ठेवा. चहाचा छोटा चमचा, पाच मिलीचा. पहिले दोन दिवस पेज, मऊ भात, पातळ वरण, ताक. पोट फुगलेलं नसेल आणि वारा सरत असेल तर तिसऱ्या दिवसापासून घरचं जेवण. पहिले दोन आठवडे दिवसाला माणशी तीन चमचे तेल-तूप मिळून, एका जेवणात एकच चमचा. चौघांची भाजी एकत्र होत असेल तर फोडणीला चार चमचे, बाटलीतून अंदाजाने नाही. वरण-भातावर अर्धा चमचा तूप खुशाल घ्या, फक्त ते त्या एका चमच्यात धरा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवसाला चार-पाच चमचे. सहा आठवड्यांनी बहुतेकांना घरचं नेहमीचं जेवण चालतं. तळणीचा पदार्थ तेव्हा पहिल्यांदा खा, एक वडा, दोन नाही, आणि तोही घरी असताना.

बाटलीतलं तेल मोजणारी घरं कुटाचा डबा विसरतात. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मी चरबी असते, तिळातही तेवढीच, आणि सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. आता एकादशीचं ताट बघा. सकाळपासून पोट रिकामं, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी. एका ताटात ५० ग्रॅम कूट गेलं तर २५ ग्रॅम चरबी झाली, म्हणजे पाच चमचे तेलाएवढी. वरचं तूप वेगळंच. दोन आठवड्यांच्या आतल्या माणसासाठी हे एका बैठकीत दीड दिवसाचं तेल झालं, आणि घरचे म्हणतात, 'उपासाचंच तर खाल्लं!' सहा आठवडे उपास करू नका. देवाला सांगून ठेवा. मधुमेह असेल तर उपास आणि कमी जेवण दोन्हीबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, कारण गोळ्या-इन्सुलिनचं माप बदलावं लागतं.

असाच दुसरा छुपा साठा दुधात असतो. म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासात १३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. 'ताकदीसाठी' रात्री तो ग्लास दिला की सकाळी संडासात धाव. गाईचं किंवा साय काढलेलं दूध द्या, नाहीतर लोणी काढलेलं ताक, जे या दिवसांत सगळ्यात सोसतं. कोकणात आणि गोव्यात वाटणाचं खोबरं मोजा. कालवण करायचं तर पहिला महिना कोकम-तिरफळाचं पातळ करा. पापलेट किंवा ओले बोंबील चालतील, बांगडा थोडा थांबू द्या, तळणं नको. उकडलेलं एक अंडं दुसऱ्या आठवड्यापासून चालतं. चिकनचं सूप करून गार करा आणि वर गोठलेला थर काढून टाका.

डिंकाच्या लाडवात तुपात तळलेला डिंक, सुकं खोबरं आणि सुकामेवा एकत्र असतो, म्हणजे वर मोजलेलं सगळं एका मुठीत. सहा आठवड्यांनी अर्धा लाडू द्या.

हळद, जिरं, धणे बंद करायचं कारण नाही. चिमूटभर हळदीत मोजावं एवढं तेल नाही आणि पिवळ्या रंगाचा काविळीशी काही संबंध नाही. मिरची दोन आठवडे कमी ठेवा, कारण हलक्या झालेल्या पोटाला ती झोंबते. कच्ची कोशिंबीर, कोबी, राजमा, छोले हेही पहिले दोन आठवडे नको, नाहीतर गॅसने टाके ताणल्यासारखे होतात. दुधी, पडवळ, लाल भोपळा, गाजर शिजवून खा.

दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी करा, मध्ये तीन-चार तास. एखादा पदार्थ बाधला तर तो जन्मभरासाठी बाद करू नका. कॅलेंडरवर त्या तारखेला नाव लिहा आणि आठवड्याने निम्म्या मापाने परत खाऊन बघा. बहुतेक वेळा पदार्थ दोषी नसतो, माप असतं.

जुलाब झाले तर

पहिले काही आठवडे दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं काही जणांना होतं. उपाशीपोटीचा कडक दुधाचा चहा हे त्याचं नेहमीचं निमित्त. आधी अर्धं केळं किंवा भाकरीचा तुकडा खा, मग चहा. रात्री एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्या. ते पित्तातली आम्लं धरून ठेवतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. महिना उलटूनही पाण्यासारखे जुलाब चालू असतील किंवा त्यांनी रात्री झोपमोड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोलेस्टायरामिनसारखं पित्ताची आम्लं बांधणारं औषध असतं आणि त्याने पुष्कळांना लवकर फरक पडतो. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाऊ नका.

थांबायचं नाही अशी लक्षणं

थंडी वाजून ताप, १०१ फॅरनहाइटच्या वर. दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढणं. पोट फुगून कडक होणं, उलट्या न थांबणं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातीच्या रंगाचं. यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका.

काविळीबद्दल स्पष्टच सांगतो. या ऑपरेशननंतरची कावीळ म्हणजे बहुतेकदा यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या पित्तनळीत राहिलेला खडा, नळीला झालेली इजा किंवा पित्ताची गळती. ती माळ घालून, झाडपाल्याचा रस पिऊन किंवा उतरवून जात नाही. खडा असेल तर तो तोंडातून दुर्बीण घालून काढता येतो, पण तोवर नळीत पू झाला तर जीव धोक्यात येतो. गावात कितीही नावाजलेलं औषध असो, आधी रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि सोनोग्राफी.

रिपोर्ट

घरी येताना बाटलीतले खडे आठवणीने आणले जातात, शेजाऱ्यांना दाखवले जातात. काढलेलं पित्ताशय मात्र तपासणीला गेलेलं असतं आणि त्याचा रिपोर्ट आठवड्या-दहा दिवसांनी येतो, तो आणायचा राहून जातो. काही थोड्या लोकांत कर्करोग पहिल्यांदा त्या रिपोर्टमध्येच दिसतो, आणि पुढचं ऑपरेशन वेळेत होणं त्यावर अवलंबून असतं. सुट्टी मिळतानाच विचारा की नमुना पाठवला का, कोणत्या लॅबला आणि रिपोर्ट कधी मिळेल. टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो हातात घेऊन डॉक्टरांपुढे उघडा.