सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलाचे घरचे व्यायाम : या चुका टाळा

"रोज सकाळी चाळीस मिनिटं व्यायाम घेते मॅडम, एक दिवस चुकवला नाही." आई खरंच सांगत असते. मग निघताना मुलाच्या काखेत हात घालून ती त्याला सरळ वर उचलते. मुलाचे पाय काठीसारखे ताठ होतात, एकमेकांवर चढून कात्री पडते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं; अशा मुलाला दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी उचललं जातं. तोही व्यायामच, फक्त उलट्या दिशेचा.

उचलण्याआधी त्याला कुशीवर वळवा, गुडघे पोटाकडे दुमडा, मग उचला आणि कडेवर घ्या, एक पाय पुढे, एक मागे. आपल्या आज्या सगळ्याच पोरांना अशा वागवायच्या. कात्री पडणाऱ्या पायांसाठी याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. मात्र कायम एकाच कडेवर नको, बाजू बदला. शर्ट घालताना आखडलेला हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी.

दुसरी चूक जोर लावण्याची. "बाईकडून रगडून मालिश करून घेतो, पाय मोकळे होतील." इथे बिघाड मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या संदेशात आहे, त्यामुळे रगडून तो सुटत नाही. ताठ स्नायू जितक्या झटक्यात ओढाल तितका जास्त अडतो. हलक्या हाताने तेल लावा, मुलाला बरं वाटतं. पण मूल रडतंय आणि घरातले दोघं पाय धरून बसलेत, असं असेल तर थांबा.

शिवाय नुसतं ताणून मूल उभं राहायला शिकत नाही. ते स्वतः जे करतं तेच शिकतं. धरून उभं राहणाऱ्या मुलाला फ्रिजसमोर छोट्या स्टूलवर बसवा, तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले हवेत. मॅग्नेट थोडे उंचावर लावा. एकेक काढायला त्याला उठावं लागेल. तुम्ही कमरेपाशी हात ठेवा, ओढू मात्र नका. दहा मॅग्नेट म्हणजे दहा वेळा ऊठबस, आणि त्याच्या लेखी तो खेळ.

चाकांचा गोल वॉकर घेतला असेल तर तो माळ्यावर टाका. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं, म्हणजे जी टाच टेकायला हवी तीच वर राहते. अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली या वॉकरवर बंदीच घातली. लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी, तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. तरी थेरपिस्टला विचारूनच द्या.

स्प्लिंट (पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणारा पट्ट्यांचा साचा) घातला की रडतो? बहुतेक वेळा टाच आत बसलेली नसते. गुडघा दुमडा, टाच मागे खाली दाबा, घोट्याचा पट्टा आधी लावा. मोज्याला सुरकुती नको. काढल्यावर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासानंतरही तसाच दिसला तर स्प्लिंट दुरुस्तीला न्या, कपाटात ठेवून देऊ नका.

"मुलगे उशिराच चालतात" म्हणत वाट पाहणाऱ्यांसाठी एवढंच : वर्षाच्या आत बाळ सतत एकच हात वापरत असेल किंवा नवव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नसेल, तर लगेच दाखवा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून तेवढे महिने वजा करा, पण सबब म्हणून नको. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते.

आणि खुबा. सीपीच्या साधारण एक-तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, ज्यांना चालता येत नाही त्यांचा अधिक. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. चड्डी बदलताना एक मांडी कमी फाकते का, यावर लक्ष ठेवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना खुब्याच्या एक्स-रेचं विचारा.