काडतूस आत बसलं म्हणजे चालेलच असं नाही: रिव्हॉल्व्हरवाल्यांनो, या चुका टाळा

ह्यूस्टनबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर गेली नऊ वर्षं मी दर शनिवारी सुरक्षेचं काम बघतो. फुकट. मोबदल्यात कानांना दडे आणि डोळ्यांना त्याच त्या चुका. त्यातली एक तर आता स्वप्नातही येते: एका मापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दुसरं, जरा लहान काडतूस घालणं. मुळात घालायला हरकत नाही, काही जोड्या त्यासाठीच बनल्यात. पण आपली जोडी त्यातली आहे का, हे नळीवर कोरलेलं वाचून ठरवायचं असतं. लोक बोटाने ढकलून ठरवतात.

चालणाऱ्या जोड्या आधी सांगून टाकतो. .३५७ मॅग्नममध्ये .३८ स्पेशल, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल, .३२७ फेडरलमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम. यांत गोळीची जाडी तीच, पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांडीची, जाडी तीच, फरक फक्त लांबीचा. नावातल्या आकड्यांवर जाऊ नका; .३८ स्पेशलची गोळी मोजली तर .३५७ इंचच भरते. १९३० च्या दशकात .३५७ मॅग्नम आलं तेव्हा त्याची पुंगळी साधारण ३.४ मिलिमीटर लांब ठेवली, ती मुद्दाम. हे तिखट काडतूस कुणी जुन्या .३८ मध्ये कोंबू नये म्हणून. .३८ स्पेशलच्या दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), मॅग्नमची ३५,०००. म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. काही जुन्या .३८ च्या सिलेंडरला, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याला, आरपार सरळ भोक असतं, त्यात मॅग्नम जातंही. गेलं तर बाहेर काढा आणि घरी जा.

आता माझी लाडकी चूक. ती चालणाऱ्या जोडीतच होते, म्हणून जास्त चीड येते.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. नवीकोरी .३५७, अजून डबीचा वास जायचा होता. .३८ स्वस्त आणि हाताला मऊ, म्हणून त्याने सकाळभर तीच झाडली, उघड्या शिशाच्या गोळ्यांची, दोनशेच्या वर. इथवर ठीक. मग मित्र आले, त्यांच्यासमोर ‘खरं’ काडतूस उडवायचं म्हणून सहा मॅग्नम भरली. एकही पूर्ण आत जाईना. बुडं दोन-तीन मिलिमीटर वर. यावर माणूस काय करेल? थांबेल, विचारेल. याने तळहाताने ठोकायला सुरुवात केली. तरी जात नाहीत म्हटल्यावर बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याची मूठ काडतुसाच्या बुडावर टेकवली. बुडाच्या मधोमध काय असतं? टोपी. तीच, जिच्यावर पिन आपटली की बार उडतो. मी चार लेन पलीकडून ओरडलो. मराठीत ओरडलो, पण तो थांबला.

झालं होतं काय, तर .३८ ची पुंगळी आखूड. ती चेंबरमध्ये, म्हणजे सिलेंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, जिथे संपते तिथे, पुढच्या भागात, प्रत्येक बाराची काजळी, वंगण आणि शिसं साचत जातं. दोनशे बारांनंतर तिथे पक्कं कडं तयार होतं. लांब मॅग्नमचं तोंड नेमकं त्या कड्यावर जाऊन अडकतं. आणि जोर लावून बसवलंच, तर ते आणखी वाईट. बार उडताना पुंगळीचं तोंड जरा फाकावं लागतं, तेव्हा गोळी सुटते. कड्याने तोंड आवळून धरलं की गोळी अडखळते आणि दाब नको तितका चढतो.

आम्ही रिव्हॉल्व्हरचं तोंड टार्गेटकडे ठेवून इजेक्टरची, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणारी, दांडी सरळ दाबली. पाच सुटली, सहावं कुरकुरत निघालं. पोराचं म्हणणं, “पण डब्यावर लिहिलंय दोन्ही चालतात!” चालतात रे बाबा. मधे ब्रश मारून.

माझी पद्धत अशी. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री केली की चेंबरमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे काजळी सोडवणारं द्रावण, लावायचं आणि एक चहा प्यायचा. घाई नाही. मग पितळी तारांचा चेंबरचा ब्रश, नळीचा नव्हे. तो बारीक पडतो आणि कड्यावरून नुसता सरकतो. ब्रश ड्रिलला लावून गरगर फिरवणारे व्हिडिओ बघून कुणी माझ्यासमोर येऊ नये. हाताने दहा-पंधरा वेळा, पुसायचं, परत. शेवटी परीक्षा. माझ्या खिशात मॅग्नमची एक स्वच्छ रिकामी पुंगळी कायम असते. सिलेंडर उघडून ती एकेका चेंबरमध्ये सोडायची. स्वतःच्या वजनाने सरकून ‘टक’ वाजली पाहिजे. ‘टक’ नाही, तर परत ब्रश. मुलगी या पुंगळीला माझा ताईत म्हणते.

किरकोळ चुका भराभर उरकतो. काडतूस सैल बसतं म्हणून त्याला टेप गुंडाळणं: असा माणूस मी खरंच पाहिलाय, त्याला गेटपर्यंत पोचवूनही आलो. .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल ही सख्खी भावंडं समजणं: पहिल्याची पुंगळी जाड आणि आखूड आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनलेली पुष्कळ रिव्हॉल्व्हर नंतर आतून कोरून स्पेशलसाठी ‘सुधारली’ गेली, त्यांत पुंगळ्या फुगतात, फाटतात. जुन्या ब्रिटिश वेब्ली .४५५ चा सिलेंडर घासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस वापरणं: गोळी जवळपास तेवढीच, दाब मात्र दीडपटीच्या आसपास. ज्याने घासलं त्याने तुम्हाला विकलं, स्वतःजवळ ठेवलं नाही, यातच काय ते समजा.

आपल्याकडचा किस्सा मात्र सविस्तर सांगायला हवा. गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. मामा माजी सैनिक, त्यांच्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर, कानपूरचं. कौतुकाने काडतुसांची नवी डबी दाखवायला आणली. मला ती बुटकी वाटली. कपाटात जुनं एक शिल्लक होतं, ते मागितलं आणि दोन्ही चहाच्या बशीत शेजारी उभी केली. जुन्याची पुंगळी २३ मिलिमीटर, नव्याची १७. नवी होती पिस्तुलाची, .३२ एसीपी. दुकानात ‘बत्तीसची द्या’ म्हटलं, त्यांनी बत्तीसची दिली.

“अरे, पण बसतंय की!” मामा म्हणाले.

“मामा, बसतंय तीच तर पंचाईत आहे.”

या दोघांची जाडी इतकी सारखी आहे की पिस्तुलाचं काडतूस या सिलेंडरमध्ये बहुधा सरकतं. पण त्याच्या बुडाची कडा अरुंद. ती नीट टेकली नाही तर काडतूस पुढे घसरतं आणि पिन पोचत नाही. हे नशीबवानाचं. पिन पोचली तर .३२ एसीपीची मर्यादा २०,५०० पीएसआय आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची १५,०००. जुन्या, झिजलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा फरक मला तरी हातात धरायचा नाही. मामांनी पुंगळीचं बूड चष्म्यासमोर धरलं. केएफ, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण, ती त्यांना फौजेपासून पाठ. तिच्या शेजारची अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचली. दुसऱ्या दिवशी परवाना आणि डबी घेऊन दुकानात गेले, आणि मलाही बरोबर नेलं, बोलायला.

राहिलं .२२. .२२ मॅग्नमच्या सिलेंडरमध्ये .२२ लाँग रायफल हे साधं काडतूस आरामात जातं, उडतंही. फक्त चेंबर रुंद असल्याने पातळ पुंगळी फाटते आणि गरम वायू मागे तुमच्या तोंडाकडे येतो. काही रिव्हॉल्व्हरबरोबर दोन्ही मापांचे दोन सिलेंडर मिळतात, ते त्याच रिव्हॉल्व्हरसाठी जुळवलेले असतात. मित्राचा उसना आणू नका. मी माझ्या मॅग्नमच्या सिलेंडरच्या पिशवीला लाल दोरा बांधलाय. दोरा दिसला की .२२ ची साधी डबी टेबलावरून उचलून गाडीत ठेवतो, मगच सिलेंडर चढवतो.

आणि काडतूस बदललं की गोळी वर-खाली लागणारच. लगेच साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, स्क्रू पिळत बसू नका.