क्रीमने खरंच काही झालं का? स्किन टेस्टिंगमध्ये येणाऱ्यांसाठी नाशिकमधून थोडं

एम.फार्म किंवा बायोटेक करून कॉस्मेटिक टेस्टिंगला यायचंय म्हणणारे बरेच जण विचारतात की काम नक्की काय असतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी इथंच नाशिकमध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर द्राक्षाच्या बियांचा अर्क काही करतो का, या प्रोजेक्टवर काम केलं. द्राक्षंच का, तर इथं दुसरं काय घेणार, वायनरीतून बिया-सालींचा चोथा निघतोच आणि ऊन खाल्लेली त्वचा पण दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये छाटणी-थिनिंग करणाऱ्यांकडे भरपूर.

आधी ऊन समजून घ्या. आत्ता स्वतःच्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारी धरून बघा, वय दोन्हीचं सारखंच, फरक सगळा उन्हाचा. ३२० ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीए किरण त्वचेच्या खालच्या थरात पोचतो, तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी (कोलॅजन बनवणाऱ्या) एमएमपी-१ नावाचं एन्झाइम जास्त सोडायला लागतात, ते कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रोटीन, तोडतं आणि नवीन कोलॅजन बनणंही कमी होतं. हा यूव्हीए खिडकीच्या काचेतून पण येतो. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं गाडी चालवून खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बरी, नक्की शोधून बघा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून टेम्पोवाले काका व्हॉलंटियर असतील तर उलटं. अर्ध्या चेहऱ्याला एक क्रीम आणि अर्ध्याला दुसरं अशी टेस्ट असेल तर कुठली बाजू कुणाला हे रँडम ठरवतात ते यासाठीच.

अजून एक, पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. आपली फिट्झपॅट्रिक स्केलवर (त्वचेचा रंग आणि ती उन्हाला कशी वागते यावरून १ ते ६ नंबर देतात) ४-५ नंबरची त्वचा, तिच्यात सुरकुत्या उशिरा येतात, आधी डाग आणि काळपटपणा येतो. नुसत्या सुरकुत्या मोजत बसलात तर निम्मी गोष्ट निसटते, मेलॅनिन, म्हणजे त्वचेला काळा रंग देणारं द्रव्य, मोजणारं मेक्सामीटर पण लावा.

लॅबचं काम डिशमधल्या पेशींपासून सुरू होतं (२०१४ पासून भारतात कॉस्मेटिकसाठी प्राण्यांवर टेस्टिंग बंद आहे, घरी विचारतात म्हणून सांगते). पेशींवर अर्क टाकायचा, यूव्हीए मारायचा, मग एमएमपी-१ आणि प्रोकोलॅजन (ज्यापासून कोलॅजन बनतं ते) एलायझाने, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायच्या टेस्टने, मोजायचं. ऐकायला सोपं आहे पण इथं दोन गोष्टी कोणी नीट सांगत नाही. एक म्हणजे द्राक्षबियांतले पॉलिफेनॉल (अर्कातले मुख्य घटक) स्वतः यूव्ही शोषतात, त्यामुळे अर्क मीडियामध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात) तसाच ठेवून किरण मारले तर पेशी वाचतात त्या अर्काने काही केलं म्हणून नाही तर नुसती सावली मिळाली म्हणून, तेव्हा आधी अर्क बफरने (पेशींना चालणाऱ्या क्षारांच्या पाण्याने) धुवून टाका आणि मगच यूव्ही. दुसरं म्हणजे पेशी जिवंत आहेत का बघायची एमटीटी टेस्ट. जिवंत पेशी एमटीटी नावाच्या पिवळ्या रंगाला जांभळं करतात, पण पॉलिफेनॉल पेशी नसतानाही तेच करतात. म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) नुसता अर्क आणि एमटीटी टाकून एक कंट्रोल ठेवायचाच. तो नसलेला ग्राफ कोणी कितीही सुंदर दाखवला तरी मी मान डोलवत नाही.

आणि डिशमध्ये चाललं म्हणजे चेहऱ्यावर चालेलच असं नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत जात नाही. बियांतलं एपिकॅटेचिन नावाचं पॉलिफेनॉल २९० चं, ते ठीक, पण त्याचे दोन जोडले की ५७८ आणि तीन जोडले की ८६६, आणि बियांच्या अर्कात असे जोडलेले बरेच असतात. किती आत गेलं ते फ्रान्झ सेलवर (त्वचेच्या तुकड्यातून काय पार होतं ते मोजणारं भांडं) बघून घ्या, मगच माणसांकडे जा.

माणसांवरची टेस्ट म्हणजे खरी डोकेदुखी आणि खरी मजा पण. एथिक्स कमिटीची परवानगी, सीटीआरआयवर (माणसांवरच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन, मराठीत संमतीपत्र हे सगळं पहिला व्हॉलंटियर येण्याआधी. मग मुख्य प्रश्न, क्रीममध्ये घटक नसता तरी फरक पडला असता का? कारण साधं क्रीम बेस लावलं तरी त्वचेत पाणी टिकतं आणि बारीक रेषा कमी दिसतात, वर तुम्ही सनस्क्रीन दिलं असेल तर त्याचाही फायदा. म्हणून घटकवाला आणि बिनघटकाचा बेस दोन्ही हवेत, सनस्क्रीन दोघांना एकच. पण आमचा अर्क तपकिरी आणि बेस पांढराशुभ्र, कुठलं खरं ते आंधळाही ओळखेल! रंग जुळवायला आयर्न ऑक्साइड टाकावं असं लगेच सुचतं, ते टाकू नका, ते दिसणारा प्रकाश अडवतं आणि डागांवर त्याचाच परिणाम होऊ शकतो, मग प्लासिबो (बिनघटकाचं क्रीम) प्लासिबो राहत नाही. कॅरॅमलसारख्या रंगाने जुळवा.

ऋतूचं पण तसंच. मे महिन्यात पहिलं रीडिंग आणि ऑगस्टमध्ये शेवटचं घेतलंत तर पावसाळी हवेनेच त्वचा सुधारलेली दिसेल, निफाडच्या थंडीत सुरू करून एप्रिलला संपवलं तर अजून तिसरंच काहीतरी. दोन्ही ग्रुप एकाच वेळी सुरू करा, दुसरा इलाज नाही. रीडिंगच्या खोलीत २० ते २२ डिग्री, ह्युमिडिटी ४० ते ६० टक्के आणि व्हॉलंटियरने अर्धा तास शांत बसायचं. उन्हातून स्कूटीवर आलेल्या ताईंच्या गालावर लगेच कटोमीटर (त्वचेची लवचिकता मोजायचं मशीन) लावलं तर जो आकडा येतो त्याला काही अर्थ नाही. कटोमीटर त्वचा हलकी ओढून सोडतं आणि ती किती परत जागेवर येते ते मोजतं, प्रोब जरा जास्त दाबला तरी आकडा बदलतो, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हात ठेवा.

क्रीम खरंच लावलं का हे ट्यूब परत घेऊन वजन करून बघतात. एका मावशींची ट्यूब फारच लवकर संपली, चौकशी केली तर सूनबाई पण लावत होत्या आणि पायाच्या भेगांना पण! त्यामुळे वजन कमी भरलं म्हणजे चेहऱ्यावरच गेलं असं समजू नका, डायरी भरून घ्या आणि फोनवर विचारत राहा.

नोकरीसाठी येत असाल तर पेशी सांभाळणं आणि साधं स्टॅटिस्टिक्स यावं, मशीन चालवायला इथं शिकवतात. रिपोर्ट लिहिताना मार्केटिंगवाले "सुरकुत्या गायब" लिहा म्हणतील, तुम्ही "रेषा कमी दिसल्या" एवढंच लिहा, त्वचेची रचना बदलते असा दावा केला की प्रॉडक्ट औषधाकडे झुकतं आणि मग कायदाच वेगळा लागतो. आणि बागेतले व्हॉलंटियर घेणार असाल तर जानेवारी ते मार्चमध्ये फॉलो-अप अजिबात ठेवू नका, काढणी चालू असते, तुमच्या बारा आठवड्यांच्या व्हिजिटसाठी कोणी बाग सोडून येणार नाही.