सॉर्ट केल्यावर एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर? या चुका टाळा

दिवाळीनंतर वणी, हिंगणघाट, आर्वीकडे कापसाची आवक वाढली की गावच्या शेतकरी गटात कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला उसंत मिळत नाही. कापूस काही एकदम घरी येत नाही. पहिला वेचा, दुसरा वेचा, मग तिसरा. एका शेतकऱ्याच्या चार गाड्या झाल्या तर चार काटापट्ट्या होतात आणि एक्सेलमध्ये चार ओळी. त्या चार ओळी एकमेकींपासून तुटल्या तर त्या माणसाचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, चुकतो. म्हणून सॉर्टचं, म्हणजे यादीचा क्रम लावण्याचं, बटण दाबण्याआधीची तयारी महत्त्वाची.

सगळ्यात महागात पडणारी चूक: नाव फक्त पहिल्या ओळीत

वहीत आपण शेतकऱ्याचं नाव एकदाच लिहितो आणि खाली नुसती तारीख, वजन, ओलावा. वाचणाऱ्याला कळतं की खालच्या ओळी त्याच्याच आहेत. एक्सेलला ते कळत नाही. नावाच्या कॉलमवर सॉर्ट लावला की नाव असलेल्या ओळी वर जातात आणि रिकाम्या नावाच्या सगळ्या ओळी यादीच्या तळाशी गोळा होतात. सॉर्ट चढता लावा की उतरता, रिकामे सेल शेवटीच जातात. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचा कापूस मग कोणाचाच राहत नाही.

उपाय सोपा आहे. नावाचा कॉलम पहिल्या नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडा. एफ५ दाबून ‘स्पेशल’मध्ये जा, ‘ब्लँक्स’ निवडून ओके करा. आता कुठेही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरच्या बाणाची कळ दाबा आणि कंट्रोल धरून एंटर द्या. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव उतरतं. इथेच थांबू नका. तो कॉलम कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ पेस्ट करा. कारण आत्ता तिथे नाव नाही, ‘वरच्या सेलमध्ये पाहा’ असा फॉर्म्युला आहे, आणि सॉर्टनंतर वरचा सेल दुसऱ्याचा असेल. नावाखाली ‘〃’ अशा खुणा केल्या असतील तर त्या आधी फाइंड-रिप्लेसने काढा. खूण असलेला सेल रिकामा धरला जात नाही.

नुसत्या नावावरही विसंबू नये. एका गावात एकाच नावाचे दोघं असतात, आणि ‘पांडुरंग’ व ‘पांडूरंग’ ही एक्सेलसाठी दोन वेगळी माणसं. प्रत्येक शेतकऱ्याला एक कोड द्या आणि तो प्रत्येक ओळीत भरा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या यादीत तर अकारविल्हे लागतच नाही, कारण आत इंग्रजी अक्षरं असतात. तिथे कोडच कामी येतो.

सॉर्ट लावताना

फक्त वजनाचा कॉलम निवडून सॉर्ट केला की एक्सेल विचारतं: ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ की ‘कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन’? घाईत दुसरं निवडलं की वजनं हलतात, नावं जागेवर राहतात. नेहमी पहिलंच घ्या. त्याहून बरं म्हणजे पूर्ण यादी निवडून ‘डेटा’ टॅबमधला ‘सॉर्ट’ उघडा आणि ‘ॲड लेव्हल’ने क्रम लावा: आधी गाव, मग कोड, मग तारीख. जास्त कापूस देणारा वर हवा असेल तर एक जादा कॉलम घ्या, सम-इफ (SUMIF) फॉर्म्युल्याने प्रत्येक ओळीसमोर त्या कोडचं एकूण वजन आणा, त्यावर उतरता सॉर्ट लावा आणि दुसरी लेव्हल कोडची ठेवा. नाहीतर एकूण वजन सारखं असलेल्या दोघांच्या ओळी एकमेकांत मिसळतील.

दोन गावांमध्ये सोडलेली रिकामी ओळ आधी काढा, मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल सुटे करा आणि लपवलेल्या ओळी उघड्या करा. रिकाम्या ओळीपाशी एक्सेल यादी संपली असं समजतं, मर्ज सेलवर सॉर्ट अडतो आणि लपवलेल्या ओळी हलत नाहीत.

तारखांकडे नीट पाहा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/११ ही ११ मे होते आणि १५/११/२०२५ नुसता मजकूर राहतो. मग अर्ध्या तारखा वर, अर्ध्या खाली. जमिनीचा गट नंबर १२/१ असेल तर त्याचीही अशीच तारीख होते. तो कॉलम भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा; तारीख झाल्यावर टेक्स्ट केलं तर पाच आकडी भलताच नंबर दिसतो.

सेव्ह करण्याआधी

पुष्कळजण तळाची एकूण बेरीज जुळली की निर्धास्त होतात. पण वजनं एकमेकांच्या नावावर गेली तरी एकूण क्विंटल तेवढेच भरतात. तपासायची ती एकेका कोडची बेरीज, सॉर्टच्या आधीची आणि नंतरची. शिवाय सॉर्टपूर्वी एका कॉलममध्ये १, २, ३ असा अनुक्रमांक टाकून ठेवा. ओळी पूर्ण हलल्या असतील तर त्यावर सॉर्ट करून मूळ क्रम परत मिळतो.

एकटा कॉलम हलला असेल तर मात्र अनुक्रमांकाचा उपयोग नाही. फाइल उघडी असेल तर लगेच कंट्रोल-झेड. बंद केली असेल आणि गूगल शीट असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’तून जुनी प्रत काढा. तीही नसेल तर काटापट्ट्या समोर घेऊन वजनाचा कॉलम पुन्हा भरा, आणि तो होईपर्यंत चुकाऱ्याची यादी बँकेत पाठवू नका.