रेसिपीच्या साइटवरच्या जाहिराती मी कशा आवरल्या
होळीला मावशी माझ्याच साइटवर पुरणपोळीची रेसिपी बघत होती, हात कणकेने भरलेले, करंगळीने स्क्रीन सरकवायला गेली आणि तेवढ्यात वरती जाहिरात लोड होऊन सगळं पान खाली सरकलं, बोट पडलं भलतीकडेच आणि उघडलं कर्जाचं अ‍ॅप. फार वाईट वाटलं मला. ऑटो जाहिराती, म्हणजे कुठे आणि किती दिसायच्या ते जाहिरात देणारी कंपनीच ठरवते त्या, मीच फुल्ल चालू ठेवलेल्या, होस्टिंगचा खर्च निघावा म्हणून.

त्याच रात्री बसलो. पान बदलताना येणारी फुल स्क्रीन जाहिरात बंद, साहित्य आणि कृतीच्या मध्ये एकही नाही, आणि उरलेल्या तीन ३०० बाय २५० पिक्सेलच्या, त्यांच्या डब्यांना सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, २५० पिक्सेल दिली, म्हणजे जाहिरात उशिरा आली तरी जागा आधीच राखलेली असते, मजकूर उडी मारत नाही. बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच! सीएलएस (पानावरचा मजकूर अचानक किती सरकतो त्याचा आकडा) ०.१ च्या आत हवा, तो आला. मोबाइलवर जाहिरातींची उंची मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांपुढे नको, हा बेटर अ‍ॅड्स या जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या गटाचा नियमही पाळला.

पहिल्या महिन्यात कमाई पडली, खोटं कशाला बोलू. पण लोक कृती शेवटपर्यंत वाचायला लागले, परत यायला लागले, आणि दिवाळीपर्यंत होस्टिंगचे पैसे पुन्हा निघायला लागले.