कंपाउंडच्या भिंतीवरचा स्प्रे कसा काढायचा आणि तो मारणाऱ्या पोरांशी काय बोलायचं

सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या स्प्रेची सही दिसली की वॉचमन रॉकेलचा बोळा घेऊन घासायला लागतो. त्याला आधी थांबवा. रॉकेलने रंग अर्धवट सैल होतो, इमल्शनमध्ये (भिंतीच्या पाण्याच्या रंगात) पसरतो आणि हातभर सहीचा दोन हात राखाडी डाग होतो. आधी दोन फोटो काढून ठेवा, एक लांबून आणि एक अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. मग भिंत कशाची आहे ते बघा. सगळा उपाय त्यावर ठरतो.

प्लास्टरवर इमल्शन असेल तर स्प्रे काढायच्या भानगडीत पडूच नका, झाका. पण थेट इमल्शन मारून भागत नाही. मार्करची शाई आणि काही लाल स्प्रे पाण्याच्या रंगातून वर येतात. पहिला हात सुकला की गुलाबी छटा दिसते आणि दुसऱ्या हातानंतरही ती जात नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने स्प्रेची चकाकी मोडा आणि धूळ पुसा. मग सॉल्व्हंटवाल्या सिमेंट प्रायमरचा एक हात द्या. दुकानदार सवयीने पाण्याचा प्रायमर काढून देतो, तो इथे चालत नाही. रात्रभर सुकू द्या आणि इमल्शनचे दोन हात मारा, मध्ये चार तास सोडून. लिटरभर रंगात दोन हातांनी साधारण ५० चौरस फूट निघतात.

सहीपुरताच चौकोन रंगवला की काय होतं? जुन्या, उन्हाने विटलेल्या भिंतीवर नवा चौकोन फ्रेम केल्यासारखा उठून दिसतो आणि आठवड्यात त्यावर दुसरी सही येते. म्हणून पिलरपासून पिलरपर्यंत आणि जमिनीपासून सात फुटांपर्यंत पूर्ण पट्टा रंगवा. त्याच शेडचा लिटरभर रंग कायम ठेवा. शेड नंबर डब्याच्या बुडाला लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं अदलाबदल होतात.

उघडा काळा दगड किंवा कोकणातला, गोव्यातला जांभा असेल तर खरी कसरत. इथे रंग छिद्रांत उतरलेला असतो. तारेच्या ब्रशने घासलं तर तो आणखी आत बसतो आणि ब्रशचे तुटलेले तुकडे पहिल्याच पावसात गंजून तांबडे ठिपके सोडतात. प्रेशर वॉशर जांभ्याचा वरचा थरच उडवतो. ॲसिडचं नाव काढू नका. त्याने स्प्रे विरघळत नाही, सांध्यातलं सिमेंट आणि चुना मात्र खाल्ला जातो. इथे उपयोगी पडतो तो लेप.

किलोभर खडूची पूड किंवा मुलतानी माती घ्या. त्यात एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांचं थिनर) थोडं थोडं घालत घट्ट श्रीखंडासारखं होईपर्यंत कालवा, अर्धा लिटरच्या आसपास लागतं. कालवायला स्टीलचं पातेलं घ्या. थर्माकोलचा कप थिनरने क्षणात वितळतो. कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. मग सहा-सात मिलिमीटरचा थर थापा, वर पॉलिथिनची पिशवी पसरून कडा टेपने बंद करा. किलोभर पुडीच्या लेपात जेमतेम दीड चौरस फूट होतो. चार-पाच तासांनी पिशवी काढा, लेप सुकू द्या, लाकडी पट्टीने खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा. दगडातून बाहेर येणारं थिनर रंगही ओढून आणतं आणि तो लेपात अडकतो. एकदा केल्याने जात नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. दुपारच्या उन्हात थापलात तर रंग सुटायच्या आत थिनर उडून जातं. नायट्राइलचे हातमोजे घाला, आत ओलं लागलं की लगेच बदला. बिडी-सिगारेट लांब ठेवा.

काच सोपी: साबणाचं पाणी आणि ब्लेड तिरकं धरून. पॉलिकार्बोनेटच्या छपराला थिनर लावू नका, ते पांढरं पडून तडकतं. ऑइल पेंटच्या गेटला एनसी थिनर गेटचाच रंग उतरवतं. तिथे टर्पेंटाइनचं फडकं, तेही हलक्या हाताने.

हे सगळं दोन दिवसांत उरका. ताजा रंग मऊ असतो, हे एक कारण. दुसरं, सही मारणाऱ्याची कमाई म्हणजे सही किती दिवस दिसली ती.

मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास देवांच्या टाइल्स बसवायला सांगेल. थुंकणाऱ्याला त्या थोड्याफार अडवतात, पण एखाद्या टाइलवर स्प्रे गेला की रंगाची तक्रार धर्माची होते. त्यापेक्षा भिंतीवर वेल चढवा आणि दिवा लावा.

आता पोरं. दिलात बाण आणि दोन नावं असतील तर ते बहुधा आसपासचंच प्रकरण असतं. तीच वळणदार सही तीन गल्ल्यांत दिसली तर तो नेमाने लिहिणारा आहे आणि त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. न्यूयॉर्कच्या सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, डब्यांवर अशा सह्या मारल्या जायच्या त्या काळापासून या लोकांत एक अलिखित नियम आहे: राहती घरं, प्रार्थनास्थळं आणि मृतांच्या स्मरणार्थ काढलेली चित्रं सोडायची. रील बघून कॅन उचललेल्याला तो ठाऊक असेलच असं नाही. ज्याला उद्या कॅफेची भिंत पैसे घेऊन रंगवायची आहे त्याला मात्र तो पटकन पटतो. त्याला ‘संस्कार’ सांगू नका. प्रायमर, इमल्शन आणि मजुरीचं बिल दाखवा. भिंत सरकारची नाही, खर्च मेंटेनन्समधून जातो, हे अनेकांच्या तेव्हाच पहिल्यांदा लक्षात येतं.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण १८ वर्षांखालच्या मुलावर अशा किरकोळ प्रकरणात एरवी एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. सीसीटीव्हीतला त्याचा चेहरा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

आईवडिलांना विचारून रविवारी सकाळी दोन तास त्याच्याकडूनच पट्टा रंगवून घ्या. पॉलिश पेपर आणि इमल्शन त्याच्या हातात, प्रायमर आणि थिनर मोठ्यांच्या. हात चांगला दिसला तर एक भिंत द्या. फिलाडेल्फियाने १९८४ मध्ये ग्राफिटीविरोधी मोहीम काढली तेव्हा जेन गोल्डन या चित्रकर्तीने स्प्रे मारणाऱ्या पोरांनाच भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. मुंबईत तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत २००९ मध्ये लोकांनी उघडपणे रंगवली. तुमच्याकडे आधी कमिटीचा ठराव करा, रस्त्याकडची बाजू असेल तर वॉर्ड ऑफिसात विचारा, आणि चित्राचं कच्चं रेखाटन कागदावर मंजूर करून घ्या. चित्राचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल धरलेल्या प्लास्टरवर रंग महिन्याभरात फुगून पापुद्रे सुटतात, आणि चित्रात तळाचा फूटभर भाग तर कोराच सोडा. तिथे ओल बारा महिने असते.